जखम बांधल्यानंतर : स्वतःस इजा करून घेणाऱ्या व्यक्तीस समजून घेताना



वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या असते, बाह्यरुग्णांचे तक्ते असतात, नव्या यंत्रसामग्रीची छायाचित्रे असतात. ज्या रुग्णांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत त्यांचा रकाना या तक्त्यांत सहसा सापडत नाही. ते आकस्मिक विभागात येतात तेव्हा केसपेपरवर 'विषबाधा', 'जखम' किंवा नुसतेच 'अपघात' असे लिहिलेले असते. सोबतचे नातेवाईक हलक्या आवाजात बोलत असतात. जखम बांधली जाते, सलाईन लागते, काही दिवसांत रुग्ण घरी जातो. शरीरापुरता उपचार येथे पूर्ण होतो. मनाचा उपचार मात्र पुष्कळदा सुरूही झालेला नसतो.

स्वतःस इजा करून घेणे हा विषय आपल्या घरांत उघडपणे बोलला जात नाही. तो शेजाऱ्यांपासून लपविला जातो, सोयरिकीच्या वेळी लपविला जातो, कधी कधी डॉक्टरांपासूनही लपविला जातो. म्हणून या अहवालात त्याविषयी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले. आमचे मुख्य म्हणणे थोडक्यात असे आहे : अशा रुग्णाचा जीव वाचविण्याचे काम आकस्मिक विभागात सुरू होते, पण ते तडीस जाते डिस्चार्जनंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत. त्या काळात कोणी सातत्याने विचारपूस केली की नाही, यावर फार काही अवलंबून असते.

या कृतीचा अर्थ काय?

स्वतःस इजा करून घेणाऱ्या सर्वांचा हेतू एकच नसतो. काही जण खरोखरच जीवन संपविण्याच्या विचाराने तसे करतात. काहींच्या मनात मरणाचा विचार नसतो. असह्य झालेल्या भावनेपासून क्षणभर सुटका व्हावी, एवढेच त्यांना हवे असते. पुष्कळांना तर त्या घटकेला आपल्याला नेमके काय हवे होते, हे नंतर स्वतःलाही सांगता येत नाही. 'मरायचे नव्हते, पण जगणेही सहन होत नव्हते', अशा शब्दांत ही द्विधा अवस्था रुग्ण अनेकदा व्यक्त करतात.

मानसोपचारशास्त्र या कृतीमागची काही कारणे ओळखते. राग, शरम, दुःख यांचा लोंढा आवरेनासा होतो, तेव्हा शरीराची वेदना मनाच्या वेदनेवर काही काळ मात करते. काहींचे मन इतके बधिर झालेले असते की वेदनेतून तरी आपण जिवंत आहोत अशी खूण त्यांना पटते. काही जण स्वतःलाच अपराधी मानून स्वतःला शिक्षा देतात. काहींजवळ आपले दुःख सांगण्यासाठी शब्द नसतात, किंवा शब्दांनी सांगितले तेव्हा कोणी ऐकलेले नसते. या साऱ्यांतून मिळणारा दिलासा अल्पकाळच टिकतो. त्यानंतर शरम येते, शरमेने मनावरील ताण पुन्हा वाढतो आणि हे चक्र चालू राहते.

अशी सुरुवात बहुधा किशोरवयात, म्हणजे साधारण बाराव्या-चौदाव्या वर्षापासून होताना दिसते. तथापि हा केवळ मुलांचा किंवा केवळ मुलींचा प्रश्न आहे, असे समजू नये. नवविवाहिता, दीर्घ आजाराने गांजलेले वृद्ध, कर्जाखाली दबलेला कुटुंबप्रमुख आणि दारूच्या व्यसनात सापडलेला तरुण यांच्या बाबतीतही हे घडते. नैराश्य, व्यसनाधीनता, बालपणी झालेला छळ किंवा लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा आणि एकाकीपणा यांमुळे धोका वाढतो. तरीही प्रत्येक रुग्णास मानसिक आजार असतोच असे नाही. काही वेळा एखादे भांडण, एखादा अपमान आणि हाताशी असलेले घातक साधन एवढेच पुरेसे ठरते.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७ लाख २७ हजार व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये तिचा क्रमांक तिसरा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या देशातील सर्व राज्यांत अधिक होती. प्रत्येक मृत्यूमागे प्रयत्न करून वाचलेल्यांची संख्या वीसहून अधिक असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुग्णालयांच्या दारांशी येतात ते हे वाचलेले लोक.

कारणांविषयीही आपल्या मनात काही ठाम समजुती असतात. दहावी-बारावीचा निकाल, प्रेमभंग किंवा कर्ज, यांपलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. प्रत्यक्षात २०२२ च्या त्याच अहवालात ३१.७ टक्के मृत्यूंमागे कौटुंबिक समस्या आणि १८.४ टक्के मृत्यूंमागे आजारपण ही कारणे नोंदलेली आहेत. म्हणजे ज्या दोन गोष्टी प्रत्येक घरात कधी ना कधी येतात, त्याच निम्म्या मृत्यूंच्या मुळाशी नोंदल्या गेल्या आहेत. ही बाब काळजीची आहे, आणि आशेचीही आहे. कारण घर आणि आजारपण या दोन्ही ठिकाणी मदत पोहोचविता येते.

'नाटक' हा शब्द

रुग्णाच्या खाटेभोवती जे शब्द सर्वाधिक कानी येतात, त्यांत 'नाटक' हा एक आहे. 'लक्ष वेधून घ्यायला केलं', 'खरंच करायचं असतं तर केलं असतं', 'आम्हाला बदनाम करायला निघाली', अशी वाक्ये माणसे दुष्टपणाने बोलत नाहीत. ती घाबरलेली असतात, लाजलेली असतात, आणि त्या भीतीला रागाचे रूप येते. परंतु या शब्दांनी होणारी हानी मोठी असते.

प्रथम, ते खरे नाहीत. स्वतःस इजा करून घेणाऱ्यांपैकी बरेच जण ती गोष्ट महिनोन्महिने लांब बाह्यांच्या कपड्यांखाली झाकून ठेवतात. लक्ष वेधणे हा हेतू असता तर इतकी लपवाछपवी झाली नसती. दुसरे म्हणजे, एखाद्याला आपल्याकडे लक्ष वेधण्यासाठी स्वतःच्या देहाला इजा करावी लागत असेल, तर त्याला लक्ष देण्याची नितांत गरज आहे, असाच त्याचा अर्थ होतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वी केलेली इजा ही पुढील धोक्याची सर्वांत ठळक पूर्वसूचना मानली जाते. अनेक देशांतील रुग्णालयांच्या नोंदींचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार इजेनंतर रुग्णालयात आलेल्यांपैकी साधारण सहांत एक व्यक्ती वर्षभरात पुन्हा तशाच कारणाने रुग्णालयात येते. 'नाटक' म्हणून ज्याची बोळवण झाली, तो पुढच्या वेळी मदत मागण्याचे टाळतो.

आणखी एक समजूत अशी की, जिवाचे बरेवाईट करण्याविषयी विचारले तर तो विचार नव्याने मनात भरतो. या विषयावर झालेल्या संशोधनात तसे आढळलेले नाही. शांतपणे आणि सरळ विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते. 'तुला जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' हा प्रश्न आई विचारू शकते, शिक्षक विचारू शकतात, मित्रही विचारू शकतो. उत्तर 'हो' आले तर घाबरून जाऊ नये. उत्तर मिळाले, म्हणजे एक दार उघडले.

पोलिसांची भीती आणि आजचा कायदा

'घसरून पडली', 'चुकून औषध पोटात गेलं', असे सांगणाऱ्या नातेवाइकांच्या मनात बहुधा पोलिसांची भीती असते. तिला इतिहास आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरवून कलम वैध ठरविले.

त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची देखभाल, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. लोकसेवकास त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्याकडून एखादी गोष्ट करवून घेण्यासाठी केलेला प्रयत्न, एवढ्यापुरतीच शिक्षेची तरतूद कलम २२६ मध्ये आहे.

रुग्णालयास अशा प्रसंगी वैद्यकीय-कायदेशीर नोंद करावी लागते व पोलीस जबाब घेण्यासाठी येतात, हे खरे आहे. परंतु त्या कारणाने उपचार थांबत नाहीत. आकस्मिक रुग्णावर औपचारिकतेची वाट न पाहता उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून नातेवाइकांस आमची कळकळीची विनंती आहे की, काय घडले ते डॉक्टरांना खरेखरे सांगावे. काही पोटात गेले असल्यास त्याचा डबा, बाटली किंवा गोळ्यांची पट्टी बरोबर आणावी. मिठाचे पाणी, दूध किंवा इतर काही पाजून घरी उलटी करवू नये. त्याने अपाय होऊ शकतो. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खरे सांगितल्याने वाचलेली मिनिटे रुग्णाच्या जिवाच्या मोलाची असतात.

वॉर्डातील पहिले बोलणे

शुद्धीवर आलेल्या रुग्णास पहिला प्रश्न बहुधा 'का केलंस?' असा विचारला जातो. भेटीच्या वेळेत मामा, काका, शेजारी, वाड्यातील मंडळी येतात आणि प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. त्याला उत्तर नसते, आणि असले तरी ते चारचौघांत देण्यासारखे नसते. म्हणून पहिल्या दिवसांत भेटीस येणारे मोजकेच असावेत, असा आमचा आग्रह असतो. 'का केलंस'ऐवजी 'फार त्रास होत होता ना?' एवढे म्हटले तरी रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना दिसतो.

जखम शिवताना किंवा पोट साफ करताना परिचारिका व निवासी डॉक्टर रुग्णाशी कसे बोलतात, यालाही उपचाराइतकेच मोल आहे. टोमणा ऐकलेला रुग्ण पुढच्या वेळी जखम घेऊन येत नाही, ती घरीच झाकतो. प्रकृती स्थिर झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक रुग्णास एकांतात भेटतात. विवाहित स्त्रीशी बोलताना सासरची माणसे बाजूला असावीत, किशोरवयीन मुलाशी बोलताना काही वेळ पालकही बाहेर असावेत, हे आवश्यक असते. घरात हिंसा किंवा अत्याचार होत असेल तर तो त्याशिवाय उघड होत नाही. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क त्याला २०१७ च्या अधिनियमानेच दिलेला आहे.

डिस्चार्जपूर्वी रुग्णाबरोबर बसून एक सुरक्षा-योजना लिहून काढणे, ही पद्धत आता अनेक देशांत रूढ झाली आहे. ती एका पानाची असते. धोक्याची चाहूल मला कशावरून लागते? तेव्हा मी स्वतः काय करून मन शांत करू शकतो? कोणाकडे किंवा कोठे जाऊन बसलो तर मन दुसरीकडे वळते? मदतीसाठी मी कोणाला हाक मारीन? डॉक्टर व मदतवाहिनीचे क्रमांक कोणते? घरातील कोणती साधने दूर ठेवायची? या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्याच शब्दांत लिहिली जातात. ताणाच्या घटकेला माणसाला काही सुचत नाही; शांतपणी लिहिलेले हे पान तेव्हा त्याच्या कामी येते.

नऊ वेळा केलेली विचारपूस

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठा अभ्यास पाच देशांत केला व त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राझीलमधील कंपिनास, भारतातील चेन्नई, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग ही त्याची केंद्रे होती. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आकस्मिक विभागात आलेल्या १,८६७ रुग्णांचा त्यात समावेश होता. निम्म्यांना त्या-त्या ठिकाणचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत आणखी दोन गोष्टी मिळाल्या : घरी जाण्याच्या सुमारास साधारण तासाभराचा समजुतीचा संवाद, आणि त्यानंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीवरून किंवा प्रत्यक्ष भेटून केलेली विचारपूस. ही विचारपूस पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या व अकराव्या आठवड्यात आणि नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या व अठराव्या महिन्यात होत असे.

अठरा महिन्यांनंतर हिशेब मांडला तेव्हा, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला होता. विचारपूस झालेल्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. शंभर रुग्णांच्या हिशेबात हा फरक लहान वाटेल. हजारांच्या हिशेबात तो बावीस आणि दोन असा आहे.

या अभ्यासात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. प्रशिक्षित माणूस होता, वही होती आणि ठरलेल्या तारखेला केलेला दूरध्वनी होता. पहिल्याच आठवड्यात विचारपूस का, हेही समजून घेण्यासारखे आहे. घरी परतल्यावरचे सुरुवातीचे दिवस सर्वांत नाजूक असतात. वॉर्डातील वर्दळ संपलेली असते, ज्या प्रश्नापायी हे घडले तो प्रश्न घरी तसाच उभा असतो, आणि त्यात आता नातेवाइकांच्या नजरांची भर पडलेली असते. अशा वेळी 'आम्ही रुग्णालयातून बोलतो आहोत, कसे आहात?' हा एक प्रश्न रुग्णाला सांगतो की, आपण कोणाच्या तरी लक्षात आहोत.

घरच्यांनी काय करावे

घरचे लोक आम्हांस सर्वांत अधिक वेळा विचारतात तो प्रश्न हा : 'आम्ही आता कसं वागायचं?' त्याचे उत्तर आम्ही पुढीलप्रमाणे देतो.

शपथ घालू नये. 'माझी शपथ आहे, पुन्हा असं करणार नाहीस', असे आई मुलाचा हात डोक्यावर ठेवून म्हणते, त्यामागची माया आम्ही जाणतो. परंतु पुन्हा तशी ऊर्मी आलीच, तर शपथ मोडल्याच्या अपराधामुळे मूल ती लपविते. 'असं वाटलं तर रात्री दोन वाजताही मला उठव', हे सांगणे शपथेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

ऐकावे, आणि लगेच उपदेश करू नये. 'आमच्या वेळी किती हाल होते', 'तुला काय कमी आहे', ही वाक्ये दुःख कमी करीत नाहीत, दुःख सांगणे तेवढे थांबवितात. रोज दिवसातून काही वेळ एकत्र जेवणे, एकत्र चालणे, स्वयंपाकघरात सोबतीने काही करणे यातून बोलणे आपोआप निघते. जखमांची रोज तपासणी, दारे काढून टाकणे, मोबाईल हिसकावून घेणे अशा उपायांनी धाक वाढतो आणि विश्वास जातो. धोका तीव्र असेल तेव्हा रुग्णाजवळ सतत कोणी असावे हे योग्यच. पण ते पहारेकऱ्यासारखे नसावे, सोबतीसारखे असावे.

'लग्न करून दिलं की सगळं ठीक होईल', या सल्ल्यापासून दूर राहावे. विवाह हा मानसिक व्यथेवरचा उपचार नाही. कुलदैवताला नवस बोलावा, अंगारा लावावा असे कोणास वाटले तर त्याच्या श्रद्धेशी आमचा वाद नाही. मात्र त्यापायी औषधे आणि ठरलेली भेट चुकवू नये. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. 'बरं वाटलं' म्हणून ती मनाने बंद करू नयेत आणि त्यांचा साठा रुग्णाच्या हाती देऊ नये.

घातक वस्तू हाताशी ठेवू नयेत. अनेकांच्या बाबतीत विचार मनात येणे आणि कृती घडणे यांत फारच थोडा वेळ जातो. ती वेळ टळली तर पुष्कळ जण पुन्हा त्या टोकाला जात नाहीत. श्रीलंकेने अत्यंत विषारी शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर तेथील आत्महत्येचे प्रमाण १९९५ नंतरच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. जे एका देशाला साधले ते लहान प्रमाणात प्रत्येक घराला साधते. फवारणीची औषधे माजघरात किंवा खाटेखाली न ठेवता घराबाहेर कुलपात ठेवावीत, किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी, आणि हंगाम संपताच उरलेला साठा घरात ठेवू नये. घरातील वृद्धांच्या औषधांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

शेवटी, घरच्यांनी स्वतःकडेही लक्ष द्यावे. 'आमचंच काहीतरी चुकलं' ही टोचणी आई-वडिलांना वर्षानुवर्षे छळते. धाकटी भावंडे घाबरलेली असतात आणि त्यांना कोणी काही सांगितलेले नसते. त्यांनाही वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. समुपदेशकाकडे घरच्यांनीही जाणे यात कमीपणा नाही. ज्याला आधार द्यायचा, त्याच्याही पायाखाली जमीन हवी.

गावातच मिळालेली मदत

मानसोपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत, मग खेड्यातील रुग्णाचे काय, असा प्रश्न योग्यच आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये 'विश्राम' या नावाचा एक उपक्रम राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी मानसिक आरोग्याविषयी बोलणे, प्राथमिक मानसिक आधार देणे, आणि गरज असेल त्याला समुपदेशक व तज्ज्ञांपर्यंत पोहोचविणे, असे त्याचे स्वरूप होते. उपक्रमापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी ४.३ टक्के लोकांनी मदत घेतली होती. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. ओळखीच्या माणसाने दारी येऊन विचारले तर लोक बोलतात, हाच त्याचा बोध आहे.

माणूस यातून बाहेर येतो

'आता हिचं कसं होणार?' असे विचारणाऱ्या पालकांसाठी एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी वारंवार स्वतःस इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती विकसित केली आणि तिचा उपयोग होत असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाखवून दिले. भावनांचा लोंढा आला असता तो सहन कसा करावा, त्याला नाव कसे द्यावे, नाती कशी सांभाळावीत, ही कौशल्ये तीत टप्प्याटप्प्याने शिकविली जातात. आज ती जगभर वापरली जाते. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले की, वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः याच कारणाने मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि तेथे त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ काढावा लागला होता. जी मुलगी एके काळी अत्यंत कठीण रुग्ण समजली गेली, तिनेच पुढे असंख्य रुग्णांना वाट दाखविली.

प्रत्येक जण लिनेहान होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पुन्हा शाळेत जाणे, पुन्हा हसणे, पुन्हा शेतात किंवा कचेरीत उभे राहणे एवढे झाले तरी ते मोठेच यश होय. या वाटेवर कधी पाऊल मागे पडते. पुन्हा इजा झाली म्हणजे सारे वाया गेले, असे समजू नये. ज्याने आधी दर आठवड्याला स्वतःला इजा केली, त्याने दोन महिने स्वतःला सांभाळले असेल, तर ते दोन महिने त्याने कमावलेले आहेत.

विश्वस्त व देणगीदार यांस निवेदन

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली. तिच्यामुळे गरीब रुग्णास खाट मिळते. परंतु या लेखात ज्या उपचाराचे महत्त्व सांगितले, त्याला खाट लागत नाही, आणि त्याचे बिलही होत नाही. सातव्या आठवड्यात केलेला दूरध्वनी कोणत्याही पावतीवर दिसत नाही. जो वाचला तो घरी असतो. तो पुन्हा आकस्मिक विभागात आला नाही, याची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

म्हणून या कामास हितचिंतकांचा आधार लागतो. एका प्रशिक्षित समाजसेवकाचे वेतन, परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे दिवस, दूरच्या गावाहून पुनर्तपासणीस येणाऱ्या रुग्णाचे एसटीचे भाडे, समुपदेशनासाठी दार लावून बसता येईल अशी एक खोली, अशा त्याच्या गरजा साध्या आहेत. या गोष्टींवर कोनशिला बसत नाही. तरीही आपण दिलेल्या दानातील काही वाटा या न दिसणाऱ्या कामाकडे वळावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या आप्तांस एवढेच सांगावयाचे की, मदत मागण्यास उशीर झाला असे कधीही नसते. शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. धोका तत्काळ असेल तर रुग्णास एकटे न ठेवता जवळच्या रुग्णालयात आणावे. आणि आपले माणूस बरे होऊन घरी आले असेल, तर आज त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे, पुढच्या आठवड्यात बसावे, चार महिन्यांनीही बसावे. जखम बांधण्याचे काम आम्ही करू. त्यानंतरची वाट आपणांबरोबर चालण्याची आमची तयारी आहे.